खालच्या फळीवरची साडी

माझं नाव रघुनाथ, मी मूळचा पळसदरीच्या पलीकडल्या गावचा, आता शनिवार-रविवारी धरणाकडं गाड्यांची रांग लागते ना, त्याच रस्त्याला आमचं घर, पन तेव्हा रस्ता बी नव्हता आन रांग बी नव्हती. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा, मंगल पाळण्यातून नुकती उतरलेली, आन आमची थोरली सुमनताई चौदा वर्षांची. तिची शाळा त्याच आठवड्यात सुटली. कुनी सोड म्हटलं नाय तिला, चुलीपुढं आई नव्हती म्हणून ती बसली, ती बसली ते लग्न होऊन खालापूरकडं जाईपर्यंत उठली नाय. तर आता तुमी म्हणाल, दिवाळीच्या खरेदीचं सांगतो बोलला आन हा आईपासून सुरू झाला. पन तिथूनच सांगाया लागेल, नायतर मी केलं ते किती वाईट होतं ते तुमाला कळायचं नाय.

ताईच्या लग्नानंतरची पहिली भाऊबीज मला अजून दिसते. मी असेन दहा वर्षांचा. काका बोलला, चल रं, तुला एष्टीनं घेऊन जातो. घरात ताईची एक जुनी बांगडी खुंटीला राहिली होती, ती मी मापाला खिशात टाकली, कर्जतच्या बाजारात कासारापुढं धरली आन बोललो, या मापाच्या सहा द्या, लाल द्या. कासार बोलला, बायको करतोस का काय रं? मी बोललो, नाय, ताईला. एष्टीत धक्क्यानं दोन फुटल्या. चार उरल्या. एका हातात दोन, दुसऱ्या हातात दोन, ताईनं त्या चार बांगड्या वर्षभर घातल्या, दुसऱ्या घातल्या नायत. त्या खरेदीचा मला काय बी त्रास झाला नव्हता, हे ध्यानात ठेवा. एक माणूस डोळ्यापुढं होतं आन एक माप खिशात होतं, बस.

पुढं मी खोपोलीकडं कागदाच्या कारखान्यात लागलो, मशीनवर, पाळीचं काम. लग्न झालं, वंदना घरात आली, माणसं वाढली, आन दिवाळीची खरेदी म्हणजे मला तापच यायला लागला. काय सांगू तुमाला, धनत्रयोदशीचा कर्जतचा बाजार. दोन बहिणींच्या साड्या, एकीला जास्ती एकीला कमी दिसायला नको, भाच्यांचं, सासुरवाडीचं. दुकानात गादीवर साड्यांचा ढीग, मालक आणखी काढतोय, वंदना बोलते ह्यातला आंबा कलर दाखवा, आन मी पाठीमागं घामाघूम, कोनावर तरी ओरडायला कारण शोधतोय. दर वर्षी ओरडायचो, दर वर्षी बायको तोंड फिरवून गाडीवर बसायची, असा आमचा सण.

मुलीचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. वैशाखात लग्न, घरात आहेराच्या साड्या एवढ्या आल्या की कपाटाचं दार लागेना. दिवाळीला दोन पाळ्या लागोपाठ करून मी तसाच बाजारात गेलो, उपाशी, झोप नाय. दुकानात वंदनाला सुमनताईसाठी एक बी पसंत पडेना. ही भडक, ही वयाला शोभत नाय, ही मंगलच्या साडीपुढं हलकी दिसेल. माझं डोकं फिरलं. चार लोकांत बोललो, चल ऊठ, घरी ढीग पडलाय साड्यांचा, त्यातली एक देऊ. ती हळूच बोलली, अहो, सख्ख्या बहिणीला आहेरातली? मी बोललो, ती काय शिक्का बघनार हाय का?

घरी आलो, वंदना रागानं स्वयपाकघरात, भांडी आपटतेय. मीच कपाट उघडलं. आता बायकांच्या कपाटाची रीत मला कुठं ठाऊक. आमच्याकडं वरच्या फळीवर लांबच्या लोकांच्या साड्या असतात, त्या पुढं कुनाला तरी द्यायच्या. खालच्या फळीवर जवळच्यांच्या, त्या स्वतः नेसायच्या. मी खाली वाकलो, कारण खालच्या साड्या भारी दिसत होत्या, आन ताईला हलकी द्यायची नाय एवढी तरी लाज होती मला. हिरवी गर्द, मोहरी रंगाचा काठ. घडी न उलगडता दुकानाच्या पिशवीत घातली. वंदनाला बोललो, झालं, काढली एक. तिनं बघितलं बी नाय.

भाऊबीजेला वंदनाला गाडीवर घेऊन ताईच्या घरी गेलो. तिनं पाट मांडला, ओवाळलं, माझ्यासाठी वालाचं बिरडं केलं होतं, मला आवडतं म्हणून सोललेल्या वालाचं, दोन दिवस तेच काम केलं असेल तिनं. मी तबकात पिशवी ठेवली. तिनं साडी काढली, पदर खांद्यावर घेऊन बघावा म्हणून उलगडला, आन थांबली. पदराला गोंडे होते, रेशमाचे, बारीक, ओळीनं पिवळे, आन शेवटचे तीन लाल. तिनं त्या तीन लाल गोंड्यांवर बोट फिरवलं. मग पदर घडीत घातला, घडीला कुंकू लावलं आन बोलली, रंग छान हाय रं रघू. जेवून घे, गार होतंय.

मी जेवलो. दोनदा बिरडं घेतलं. काय सांगू तुमाला, माझ्यासारखा अडाणी माणूस नाय.

 घरी येऊन वंदना दाराशीच बसली. बोलली, ती साडी ताईंनीच मला पोरीच्या लग्नात दिली होती, गोंडे त्यांनी स्वतः हातानं केले होते, पिवळं रेशीम संपलं म्हणून शेवटी लाल लावलं, मला हसून दाखवलं होतं त्यांनी. मी बोललो, मग तिथं का नाय बोललीस? ती बोलली, त्यांच्या सुनेपुढं काय बोलू, नवऱ्यानं काढली म्हणून सांगू?

इथपर्यंत चूक होती, तुमी बी माफ कराल. पुढचं ऐका. आठ दिवसांनी धाकट्या मंगलचा फोन आला, ती दहिवलीला असते. बोलली, दादा, राग मानू नको, पन वहिनीनं हे बरोबर केलं नाय, ताईचीच साडी ताईला? तिचे गोंडे आवडले नसतील तर ठेवून द्यायची होती. आन मी बोललो, हं.

एवढंच. हं. ना हो, ना नाय. त्या एका हंवर माझ्या बायकोनं नऊ महिने काढले. ताईनं तिचा फोन घ्यायचा बंद केला. नागपंचमीला मंगलकडं सगळ्या जमल्या, हिला निरोप नाय. वंदना मला कधी बोलली नाय की जाऊन सांगा. ती नुसती खालची फळी रिकामी ठेवायची, तिथं काय ठेवलंच नाय तिनं, आन मी कपाट उघडलं की ती रिकामी फळी पयली दिसायची. कारखान्यात मशीन चालू असलं तरी मला माझाच हं ऐकू यायचा.

मग गणपतीच्या आधी ताईचा निरोप आला, यंदा भाऊबीजेला काय आनू नको, मोकळ्या हातानं ये. तुमी म्हणाल बरं झालं, खरेदी वाचली. मला तर पायाखालची जमीन गेल्यासारखं झालं. बहिणीनं भावाकडनं घ्यायचं बंद केलं म्हणजे मग भाऊ कशाचा?

सुट्टीच्या दिवशी सकाळीच गाडी काढली आन खालापूरची वाट धरली. ताई ओटीवर बसून कुनाच्या तरी पदराला गोंडे करत होती. बोलली, आज कसा रं, कामावर नाय? मी उभ्या उभ्याच सांगितलं, कारण बसलो असतो तर पुन्हा चहा पिऊन परत आलो असतो. बोललो, ताई, ती साडी मी काढली. वंदना नको बोलत होती. ती स्वयपाकघरात होती, तिनं बघितली बी नाय. खालची फळी कसली, वरची कसली मला ठाऊक नव्हतं. आन मंगलनं इचारलं तेव्हा मी गप राहिलो, नऊ महिने गप राहिलो, वंदनाचं काय बी चुकलं नाय.

ताईनं दातानं दोरा तोडला.  मग बोलली, आठ दुपारी बसले होते मी त्या पदराला. मी बोललो, हो. ती बोलली, साडी फिरवली त्याचं नाय रं मला, साड्या फिरतातच. मला वाटलं, तिला माझ्या हाताचं नको झालं. मी बोललो, तसं नव्हतं. तशी ती एकदम भडकली, मग मुक्या, नऊ महिने तुझं तोंड शिवलं होतं का? बाईमानसाला पुढं केलंस आन आपण मागं लपलास? आईनं तुला असा वाढवला नसता, मीच कुठं तरी कमी पडले. हे शेवटचं तिनं बोलायला नको होतं. मी ओटीवर बसलो आन रडलो, एवढा बाप्या माणूस, समोरून गावची बाई पाणी घेऊन चालली होती तिनं वळून बघितलं.

ताई आत गेली, ती साडी घेऊन बाहेर आली, कुंकवाचं बोट तसंच घडीवर. बोलली, ऊठ, गाडीला किक मार. कुठं? तुझ्या घरी, आनखी कुठं.

आमच्या दारात उतरल्या उतरल्या तिनं वंदनाच्या हातात साडी दिली. बोलली, घडी तू मोड, मी उगाच नऊ महिने सांभाळली. वंदना बोलली, ताई, चहा टाकते. दोघी आत गेल्या. मग आतनं हसू आलं, मला काय तरी नावं ठेवत असणार, मी खुशाल ऐकत बसलो. मंगलला फोन मीच केला, त्याच दिवशी, आन या वेळी हं नाय बोललो, सगळं बोललो.

तेव्हापासून आमची खरेदी बदलली, आन आता कुनी मला इचारलं तर मी छातीवर हात ठेवून सांगतो कशी करायची. नवरात्राच्या आधी करायची, सणाच्या आदल्या दिवशी नाय. मधल्या वारी, सकाळी, दुकान उघडतानाच. पोटभर खाऊन जायचं, उपाशी माणसानं साड्यांच्या दुकानात पाऊल टाकू नये. आन ज्यांना द्यायचं त्यांना संगं घेऊन जायचं. लोक बोलतात, मग त्यात गंमत काय राहिली? अरे, माझ्या गंमतीनं काय झालं ते मी बघितलंय. मी दुकानाबाहेर पाण्याची बाटली घेऊन बसतो, तिघी आत जातात, मंगल एकीला चिडवते, वंदना भाव करते, आन कुनीतरी बाहेर येऊन बोलते, पिशव्या धर रं. कारखान्यातले दोघंतिघं आता असंच करतात, एकजण तर बोलला, रघुनाथदादा, यंदा घरात भांडणच नाय, करमेना.

गेल्या खेपेला ताई दुकानाच्या दारातच थांबली. बोलली, साड्या पुष्कळ हायत, मला बांगड्या घे. मी तिला कासाराकडं नेली. कासार माप घ्यायला हात पुढं करतोय, तर ताई बोलली, याला इचारा, याला ठाऊक हाय. मी काय सांगनार, तिचं मनगट आता साठीचं झालं, पन तरी मी अंदाजानं बोट दाखवलं आन बसल्या की बरोबर. लाल काचेच्या, डझनभर. कासार बोलला, बांधून देऊ? ताई बोलली, नको, याच्या हातून फुटतात.

मग हातात घालूनच ती माझ्या पाठी गाडीवर बसली. वंदना मंगलच्या स्कूटरवर पुढं, तिनं ती हिरवी साडी नेसली होती, वाऱ्यावर तिचा पदर, तीन लाल गोंडे पार मागंपर्यंत दिसत होते. ताईनं माझ्या खांद्याला धरलं होतं. खड्डा आला की माझ्या कानाशी बांगड्या वाजायच्या आन ती बोलायची, हळू रं रघू. मी हळू चालवली. कर्जतहून बारा निघाल्या होत्या, खालापूरला बाराच्या बारा पोचल्या. देवानं तुमाला बी अशी बहीण द्यावी, आन मला दिलं तसं चूक कबूल करायला तोंड द्यावं, फक्त माझ्यापेक्षा लवकर.