तांदळातली नावं

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि लिहिण्यात चुका असतील, वाचणाऱ्यानं माफ करावं. मी चौथीपर्यंतच शिकले. हे बोलणं माझी धाकटी बहीण मंगल हिचं आहे. ती मुंबईला कॅन्सरवर संशोधन करते. तिचं लिहिणं इंग्रजीत छापून येतं, त्यातलं मला काही कळत नाही. पण परवा माझ्या चुलीजवळ बसून ती जे बोलली ते वहीत उतरवलं. मला टोचून बोलली तेही गाळलं नाही.

काय सांगू अक्का तुला, लोक विचारतात ह्या विषयात कशा आलात, मी म्हणते आवड होती, खोटं बोलते. आवड कसली? आई वसमतला हळद निवडायला जायची आणि छातीतली गाठ पदराखाली झाकायची, डॉक्टरला दाखवली तेव्हा जखम झाली होती. तिच्या आधी चंद्रकला मावशी तशीच गेली. गाव म्हणालं, कुणीतरी करणी केली. मी बारावीत होते. तेव्हापासूनचा हा राग आहे, त्याच्यावरच शिकले.

तिथं काय करून राहिलीस म्हणून तू विचारतेस ना, आईचंच काम करते बघ. शरीरातला बारीक कण एकाचे दोन होताना आतली सगळी माहिती उतरवून घेतो, त्यात चुका होतात, रोज होतात, मग त्या दुरुस्त करणारे असतात, बाया किडकी हळद निवडून टाकतात तसे. काही घराण्यांत हा निवडणाराच जन्मापासून अधू. मग किडकं पोत्यात जातं, आणि एक दिवस पोतंच सडतं. इतकी वर्षं मी त्या निवडणाऱ्याच्या मागं आहे. आमचे सर म्हणायचे, तुमच्याकडच्या बायका नाव सांगत नाहीत, रक्त काय देणार. मला लागलं, कारण खरं होतं.

म्हणून दोन वर्षांमागं आपण दोघी आपल्याकडच्या गोरेगावला मामाकडं रक्त मागायला गेलो. मी मावशीचा दवाखान्यातला जुना कागद काढला, त्यावर नाव सरस्वती. मामा म्हणाला, सरस्वती नावाची बाई आमच्या घराण्यात झालीच न्हाई. लग्नात मावशीचं नाव बदललेलं, माहेरी ती मरेपर्यंत चंद्रकला, आणि मामानं सख्ख्या बहिणीला त्या दोन नावांच्या मधी गाडून टाकलं. आणि तू तिथंच बसलेली, अक्का. मावशीच्या लग्नात नवरदेवानं परातीतल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, ते वाचून दाखवायला तुलाच उभं केलं होतं, बायकांत वाचता येणारी तू एकटी. प्रत्येक लग्नातलं नाव तुला पाठ. तरी पदर तोंडाला लावून गप बसलीस. काहून गं?

मामी म्हणाली, आमच्या रेखाचं लग्न जमून राहिलंय, हा बायकांचा रोग चारचौघांत कशाला. मी म्हणाले, बायकांचा कसला, मामा, रक्तातली ही खोड आजीकडून आईला आली तशी तुमालाबी आली असंल, आणि तुमच्याकडून रेखाला. गडीमाणसाला बहुतेक काही होत न्हाई, पण पुढं जातं. तुमचं रक्त द्या, रेखाचं द्या. मामा लालबुंद झाला. म्हणजे मी माझ्या लेकीला रोग दिला? माझ्या पैशावर शिकलीस आणि माझ्याच रक्ताला बट्टा लावतेस? आधी माझे पैसे टाक, मग तोंड उघड.

मीबी ताठ्यात म्हणाले, पैसे फिटल्याबिगर हा उंबरा चढणार न्हाई. हीच माझी चूक. मामावर चिडते तेवढीच स्वतःवर चिडते. फेलोशिप ती केवढी, पैसे साठवता साठवता दोन वर्षं गेली. दोन वर्षं रेखाला कुणी तपासलं न्हाई आणि मी मुंबईत परक्या बायकांच्या रक्ताच्या नळ्या सांभाळत बसले. स्वाभिमान म्हणे, आग लागो त्याला. आणि ते जमलेलं लग्न शेवटी मोडलं कशावरून, तर हुंड्यातल्या मोटरसायकलवरून.

काल पैसे घेऊन गेलो आपण. मामानं पैसे दोनदा मोजले, बराबर हाय म्हणाला. मी काही बोलायच्या आत तूच उभी राहिलीस. पदर खाली केलास. म्हणालीस, मामा, चंद्रकलाची सरस्वती झाली, ते तांदूळ मी वाचलेत. आमच्या आईची इंदूची लक्ष्मी झाली. दोघी तुमच्याच बहिणी. दोघी एकाच रोगानं गेल्या.

मग आतून रेखा आली, मामाच्या शेजारी बसली आणि बाही वर करून म्हणाली, मंगलताई, माझं घ्या.

मग मामा नोटांची चळत माझ्याकडं सरकवून म्हणाला, ने परत, लेकराकडून काय घ्यायचे.

मी म्हणाले, न्हाई मामा. ह्या पैशांनी दोन वर्षं खाल्ली आमची. सगळे फिटले, ते ठेवा. आता हात पुढं करा.

मामानं नोटा खिशात घातल्या आणि बाही वर केली.