मागची सीट

स्कूटरच्या ब्रेकचं काम होईपर्यंत आजी गॅरेजच्या बाकावर बसल्या होत्या. शेजारच्या नवरा-बायकोचं बोलणं त्यांना ऐकायचं नव्हतं, पण कानांना कुठे दार असतं?

"मोटरसायकलची मागची सीट कुठे गेली?"

"काढली. आता कशी जुन्या काळातली वाटते बघ."

"आणि मी कुठे बसू?"

"तू कधी हौसेने बसलीस गं? डोळे मिटून माझं जॅकेट ओढत असतेस."

"गेल्या महिन्यात घाटात ट्रक हातभर अंतरावरून गेला म्हणे."

"कोण म्हणालं?"

"तुझ्या मित्राची बायको."

"अगं, दोन सिलिंडरची गाडी. मोकळा रस्ता दिसला की पळतेच."

"मी मागे असले की पन्नासच्या वर जात नाही ती."

"तेव्हा तू मागे असतेस."

"म्हणूनच. मिस्त्री, ती सीट ठेवलीय ना? लावा परत. सोमवारी मीही निघणार याच्याबरोबर."

मिस्त्रींनी नवऱ्याकडे पाहिलं.

"दहा दिवस डोंगरात फिरायचंय. डोळे मिटून बसणार?"

"बसेन. घरी दहा दिवस डोळे उघडे ठेवून बसण्यापेक्षा ते बरं."