ताईताचा धागा

बुलडाण्याच्या दवाखान्यात पायाच्या ड्रेसिंगसाठी नंबर लावून नलूताई बाकावर बसल्या होत्या. शेजारी देऊळघाटची एक माय आणि तिचा लेक. लेक रेसमध्ये आगरोधक सूट घालून उघड्या चाकांची फॉर्म्युला गाडी चालवायचा, आणि त्याच्या छातीवर पट्टी होती.

“गाडी पेटली, पण सूट नाही जळला म्हणतोस. मंग छाती काऊन भाजली, कुलदीप?”

“बेल्टचं बक्कल तापलं, माय.”

“बक्कल पोटावर राह्यते. फोटोत पाह्यलं म्या.”

लेकानं शर्टाचं बटण लावून पट्टी झाकली.

“म्या सुटात ताईत शिवला होता, तिथंच भाजलं ना?”

“हाव.”

“सुटू नये म्हणून गोणी शिवायचा धागा घातला होता म्या.”

“तो नायलॉनचा असते. वितळून अंगाले चिकटला.”

“तपासणीवाल्यायले दिसला नाही?”

“आतून होता. मीबी सांगतलं नाही.”

“काढून टाकाचा होता रे.”

“तू शिवला होता ना.”

नलूताईंनी उगाच खिडकीकडे पाहिलं.

“हे घे, माय. हा धागा आगीत वितळत नाही. सूट शिवणाऱ्याकडून आणला.”

मायनं रीळ बराच वेळ हातात फिरवलं.

“म्हंजे तू परत जाऊन राह्यला.”

“पुढच्या महिन्यात.”

आतून कुलदीपचं नाव पुकारलं. तो उठून गेला. मायनं पदराला खोचलेली सुई काढली, दोनदा तो धागा ओवून पाहिला, जमेना तेव्हा सुई-धागा नलूताईंपुढे धरला.

“बाई, एवढा ओवून देता का? मले दिसून नाही राह्यलं.”