जुन्या नंबरवर कोड

—बसा ना भाऊ, उभ्याउभ्या होणारं काम नाही हे. डॉक्टर? डॉक्टर गेलेत लांब, एक म्हैस अडलीये, आता अंधार पडल्याशिवाय यायचे नाहीत — मी एकटीच आहे, पण हे काम माझंच. तर गोठ्याच्या खात्यातून तुमच्या थोरल्या भावाचं नाव काढायचं आणि नंबर तुमचा टाकायचा, एवढंच ना? एवढंच म्हणायचं, पण हा कॉम्प्युटर म्हणजे सासूबाई — का, कशाला, कुणी सांगितलं, सगळं विचारणार. कुत्र्यामांजरांचं सोपं असतं, एक मालक, एक जनावर. गोठ्याचं तसं नाही — त्याच्याखाली माणसं, आणि माणसांच्या नावावर जनावरं. हे बघा, विचारलंच. नाव का काढताय? सोडून गेले, की वारले? ... सोडून गेले. बरं.

लेकीकडे गेले म्हणालात ना, कायमचे? कमालच आहे. परवाच तर गाभण गाईंची तपासणी ठरवून गेले, मी स्वतः थांबणार म्हणाले. इथे बसले की या यंत्राची चेष्टा — हळू चाललं की म्हणायचे, ताई, याला चारा कमी पडतोय. फोन नेलाय ना सोबत? नेलाय — मग उचलत का नाहीत? सकाळपासून लावतेय मी, लसीकरणाचं सांगायला. नुसता वाजतो.

असो. माणूस काढला की त्याची जनावरं दुसऱ्या कुणाच्या तरी पदरात घालावी लागतात. ही यादी. गाई तुमच्या नावावर... कालवडी तुमच्या... आणि वळू — वळू तर विकलाय. हो, गेल्या महिन्यात थोरल्यांनीच फोन केला होता, ताई, वळू गेला, यादीतून काढा. पण मग गेल्या आठवड्यात तुम्ही वळूचे खूर कापायचेत म्हणून गुंगीचं औषध नेलंत, ते कुणा— ... दुसरा आणलात? बरं, आणला असेल. माझं काय जातंय. तुम्ही घरचेच, मी तेव्हा यादी उघडून बघितलीसुद्धा नाही. पाणी घ्या ना, किती घाम आलाय तुम्हाला.

आता शेवटचं. नंबर बदलायचा तर जुन्या नंबरवर कोड जातो. मीच हट्टाने बसवून घेतलंय ते — कुणीही उठून कुणाच्या गोठ्याचं औषध न्यायला लागलं तर? थोरल्यांच्या फोनवर कोड येईल, त्यांना विचारा आणि मला सांगा, झालं काम. थांबा कशाला, दाबलंसुद्धा मी. हा गेला—

... 

तुमच्या खिशात काहीतरी गुरगुरलं.

नाही, तुमचा फोन तर हा इथे आहे ना, टेबलावर. मघाशी तुम्हीच ठेवलात.

... 

नाही हो, कुठे काय, मी काही ऐकलं नाही. आमचा फ्रीज असाच गुरगुरतो, लशींचा. हे आज होत नाही बघा, बंदच पडलं यंत्र. उद्या या. डॉक्टर असतील — म्हणजे आत्ताही आहेत, मागे आहेत, हाक मारली की येतील. तुम्ही या आता.

भाऊ — आतून कडी नका लावू. ते दार उघडंच राहू द्या.