आवंढा गिळा म्हणे!

...आणि वर मलाच विचारतात, "आवंढा नाही का गिळलात?" अहो, आवंढा म्हणजे काय खिशातली गोळी आहे, काढली आणि गिळली? आवंढा यावा लागतो! माणसाला भरून यावं लागतं, तेव्हा कुठे तो येतो... आणि त्या विमानात मला भरून वगैरे काही आलं नव्हतं, भरले होते ते फक्त कान!

आता तुम्ही म्हणाल, विमानात बसायचं अडलं होतं का? अडलं होतं! तुम्हाला सांगतो, माझं प्लायवुडचं दुकान. अर्धं आयुष्य त्यात गेलं. नुसतं बोटाने टकटक करतो आणि सांगतो, फळी भरीव की आतून पोकळ. माणसाचंही तेच. दोन वाक्यं बोलू दे, आवाजावरून ओळखतो. तर एक दिवस लेकीचा फोन. "बाबा, मी लग्न ठरवलंय." बरं, मुलगा काय करतो? "कुत्र्यांना शिकवतो." पुढे? "पुढे काय बाबा, कुत्री शिकतात!" आता बोला! एकुलती एक लेक, हाडांची डॉक्टर, आणि जावई कोण, तर कुत्र्यांचा मास्तर! म्हटलं, समोर बसतो, दोन वाक्यं ऐकतो, पोकळ निघाला की तिथल्या तिथे नाही म्हणून मोकळा. त्याचेही आईवडील त्याच दिवशी त्यांच्या गावाहून विमानाने येणार, लेकीच्या घरी सगळ्यांची बैठक. तारीख ठरली, तिकिटं निघाली आणि मला झाली सर्दी.

चढताना काही नाही हं. ढग बघितले, ज्यूस प्यायलो. पण विमान उतरायला लागलं आणि माझ्या डाव्या कानात कोणीतरी स्क्रू पिळायला घेतला, मग म्हणाला असेल, उजव्याने काय पाप केलंय... मी घंटी दाबली. हवाईसुंदरी आली, गोड हसली. "सर, आवंढा गिळा." गिळायला तोंडात काही नको? मग तिने टॉफी दिली. टॉफी! ती कानाला लागू पडायच्या आधी माझ्या कवळीला चिकटली! शेजारचे गृहस्थ म्हणाले, "नाक दाबा, तोंड मिटा आणि फुंका." फुंकलं. डोळ्यांपुढे काजवे! तेव्हा म्हणतात, "...हळूच." अहो, हळूच हा शब्द आधी सांगायचा असतो हो!

मागे एक तान्हं बाळ भोकाड पसरून रडत होतं. शेजारी म्हणाले, "बघा, रडलं की त्यांचे कान सुटतात." म्हणजे मी आता काय गळा काढू? काढलाही असता, खोटं कशाला बोलू, पण पलीकडे आमची ही झोपली होती. हिचे कान? ठणठणीत! हिला विमान उडालेलं कळलं नाही आणि टेकलेलंही.

उतरलो, तर दुखायचं थांबलं, पण जगाचा आवाजच गेला. माणसं नुसती ओठ हलवतायत. औषधाच्या दुकानात गेलो, त्याने थेंब दिले आणि वर ओठ हलवले, आ... वं... ढा. ओठांवरून ओळखलेला माझा पहिला शब्द! हिने कानाशी येऊन ओरडून सांगितलं, "अहो, तिथे ऐकू येत नाही म्हणून सांगू नका, बरं दिसत नाही. हसत राहा आणि मान हलवा!" आता ही आतून कोणाच्या बाजूची होती, हे मला तेव्हा कळायला नको?

बसलो सोफ्यावर. समोर मुलाचे वडील, मिशाळ, पण माणूस काय गोड! मी हसलो की हसतात, मी मान हलवली की हलवतात. म्हटलं, मुलगा कसाही असो, बाप सोन्यासारखा आहे. सगळे बोलतायत, मी मान हलवतोय... आणि एकदम सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! लेक धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. रडत होती हो पोरगी, आनंदाने. आणि तेव्हा, तुम्हाला सांगतो, खराखुरा आवंढा आला. गिळला. आणि कान? ढिम्म!

पण थांबा! मी हो कशाला म्हणालो? ज्याचे दोन शब्द ऐकायला आलो, त्याचं अवाक्षर ऐकलं नाही आणि पोरगी देऊन बसलो की काय? मुलाकडे बघितलं... तर तो माझ्या डोळ्यांत डोळे घालून जांभई देतोय! सासऱ्यासमोर! जबडा असा, पाहुणा आत राहायला जाईल एवढा. माझं डोकंच फिरलं. उठणार, तर त्याने दुसरी दिली. आणि जांभईचं कसं असतं माहितीय ना... तुम्हालाही आली ना आत्ता? आली मला, जबडा उघडला आणि टक्क! कान सुटला. मग दुसरा. समोर त्याच्या बापाचाही जबडा उघडला, आणि तेही कान धरून बघतायत!

पोरगा म्हणाला, "सुटले ना, काका? तुमचे आणि आमच्या बाबांचेही मघापासून बंद होते. काहीही विचारलं तरी दोघं मान हलवताय. जांभई सांगून येत नाही, द्यावी लागते. आमच्या कुत्र्यांनाही माणसाची जांभई लागते."

आवाज ऐकला. भरीव! एवढ्या सगळ्यांत फक्त त्याचं माझ्याकडे लक्ष होतं. मनातून गार वाटलं हो.

तेवढ्यात ते मिशाळ बायकोला दबक्या आवाजात विचारतात, "अगं, मी कशाला हो म्हणालो?" विहीणबाई म्हणाल्या, "लग्नाला. यांच्या आधी तुम्हीच!" त्यांचा चेहरा पडला. "पण मी तर नाही म्हणायला आलो होतो! सून म्हणे दिवसरात्र दवाखान्यात असते..." मी त्यांचा हातच धरला. म्हटलं, या, बसा, मीही त्याच कामाला आलो होतो!

झालं लग्न. छान चाललंय दोघांचं, मजेत आहेत. ती दोघं फिरायला जातात तेव्हा चार कुत्री आमच्याकडे असतात, त्यालाही मी त्या दिवशी मान हलवली होती म्हणे. आणि आम्हा दोघा व्याह्यांना आता टाचणी पडली तरी ऐकू येतं... पण आता आम्हाला विचारतंय कोण!