आत जायची अट

रुग्णालयात माझ्या बाकाशेजारच्या दारात आत्या-भाचीचं दबक्या आवाजात, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं, चाललं होतं. दारूने खंगलेले भाचीचे वडील आत खाटेवर होते.

"बाजूला सर, आत जाऊ दे. मरायच्या आधी भावाने पश्चात्ताप करायलाच हवा."

"आत्या, काल तू त्यांना नरक ऐकवलास. तेव्हापासून पप्पा भिंतीकडे तोंड करून पडलेत."

"मी प्रभूचंच सांगते."

"प्रभू पाप्यांच्या पंगतीला बसायचा. तू आमच्याकडे चहासुद्धा घेत नाहीस."

"चर्चच्या पाळकांना सांगेन हं!"

"खुशाल सांग. नरक घेऊन आले, तर त्यांनाही दारातच अडवीन."

"मग बोलू तरी काय?"

"काही नको. ओठ कोरडे पडलेत, चमच्याने पाणी पाज. 'का आलीस' म्हणून त्यांनी विचारलं, तर प्रभूचं नाव घे."