कठड्यावरची लाल छत्री

(समुद्राकाठचं लहानसं क्रिकेटचं मैदान. दगडी कठड्यावर पंचांची बायको आणि तिची नणंद. पंच लांब, खेळपट्टीपाशी.)

नणंद : वहिनी, ती छत्री उघडी तरी धरा, नाहीतर ठेवून तरी द्या. केव्हाची नाचवताय! काडी जायची माझ्या डोळ्यात.

वहिनी : सरका की जरा पलीकडे.

नणंद : आणखी सरकले तर थेट समुद्रात. ढुंगणाला चटके बसतायत नुसते. लेकानं कधी नव्हे ते बोलावलं म्हणून आले मी. तुम्ही बऱ्या दर रविवारी येता! घरी तर म्हणता, क्रिकेट म्हणजे दिवसाची माती.

वहिनी : वारा खायला येते.

नणंद : नेमकी हीच जागा धरून? मघाशी त्या म्हाताऱ्या गृहस्थांना उठवलंत इथून.

वहिनी : वन्सं, गप्प बसा. तुमचा मुलगा खेळतोय.

नणंद : मारला! गेला, गेला... चार! अगंबाई, दादा हात का हलवत नाही? आपल्याकडे काय बघत बसलाय?

वहिनी : हलवला ना.

नणंद : तुम्ही छत्री उभी धरलीत, मग हलवला.

वहिनी : काहीतरीच तुमचं.

नणंद : काहीतरीच कसं? मघाशी षटकार गेला तेव्हा तुम्ही छत्री उघडलीत, मग त्यानं दोन्ही हात वर केले. वहिनी, इकडे बघा माझ्याकडे.

वहिनी : मला मैदानाकडे बघायचंय.

नणंद : दादाचे डोळे...

वहिनी : रोज सकाळी पेपर वाचतात ते. शेवटच्या पानापर्यंत.

नणंद : मी लांबचं विचारतेय.

वहिनी : शेवटचा चेंडू आहे. सहा धावा हव्यात. षटकार गेला तर तुमचा मुलगा जिंकला, चौकारानं काही होत नाही. आता एक अक्षर बोलू नका.

नणंद : आणा ती छत्री इकडे. दादाला काय दिसतं नि काय नाही, मलाही कळू दे.

वहिनी : सोडा. वन्सं, सोडा म्हणते ना!

नणंद : अगंबाई! बटण दाबलं गेलं वाटतं.

वहिनी : मिटा! आधी मिटा ती!

नणंद : मिटतच नाहीये, वारा भरलाय... मारला! अहो, इथेच आला, आपल्या पायाशी!

वहिनी : टप्पा दोरीच्या आत पडला. मग बाहेर आला. चौकारच.

नणंद : पण दादानं तर दोन्ही हात वर केले.

वहिनी : केले ना. तुमच्या हातातली छत्री बघून.

नणंद : म्हणजे माझा मुलगा...

वहिनी : जिंकला. ऐका आता, काय ओरडतायत ते.

नणंद : "मामानं भाच्याला जिंकवलं"... अहो, तीस वर्षं पंच आहे तो! एकानं कधी बोट ठेवलं नाही त्याच्यावर.

वहिनी : आज दहाही ठेवतील.

नणंद : मग जा ना तुम्ही, सांगा खरं काय ते!

वहिनी : कुठलं खरं सांगू? लबाड नाही म्हणून सांगायचं, तर दुसरं उघडं पडतं. मैदान सुटलं तर काय उरेल हो त्यांच्याकडे? रविवारची वाट बघत आठवडा काढतो तो माणूस.

नणंद : आला बघा. इकडेच येतोय.

पंच : छत्री उघडी होती.

वहिनी : चुकून उघडली. चौकार होता. अहो, ऊन डोळ्यावर आलं म्हणा. सगळ्यांच्याच येतं इथे.

नणंद : हो दादा, चूक माझी. ऊनच म्हण. कोण विचारतंय!

पंच : दोन्ही कप्तानांना हाक मार.

वहिनी : ते तुमच्या मागेच उभे आहेत.

पंच : अच्छा. पोरांनो, तो चौकार होता. सामना तुम्ही हरला नाहीत, माझ्या भाच्याचा संघ हरला. निर्णय माझा चुकला.

नणंद : झालं तर मग, दादा. चल घरी.

पंच : थांब गं. अजून आरडाओरडा चाललाय, ऐकू येतंय मला. भाच्याला झुकतं माप नाही दिलं, पोरांनो.

वहिनी : अहो, पुरे. चला ना.

पंच : वर्ष झालं. तिथून मला चेंडू दिसत नाही. हिची छत्री दिसते.